व्हॅनचे मीटर बंद पडले तर : आधी तपासणी, मग खरेदी

आपले जे बांधव कापड, तयार कपडे, चपला, भांडी किंवा फळे घेऊन आठवडी बाजाराच्या फेऱ्या करतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात आजही एखादी जुनी ओम्नी उभी दिसते. ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने बाजारात आली, १९८८ पासून तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे छोटे इंजिन पुढच्या सीटखाली, मागे सपाट जागा आणि बाजूला सरकता दरवाजा, अशी तिची रचना असल्यामुळे मालाची गाठोडी चढवणे-उतरवणे सोपे जाते. म्हणूनच कारखान्यातून नवी गाडी निघत नसली तरी जुन्या गाड्या मालकांनी जपून ठेवल्या आहेत. दुसरीकडे, मोटार दुरुस्तीच्या कामात असलेले कारागीरही आपल्या समाजात पुष्कळ आहेत. या लेखाचा विषय त्या दोघांच्याही उपयोगाचा आहे.

जुन्या व्हॅनमध्ये वयाबरोबर येणारा एक बिघाड म्हणजे स्पीडोमीटर बंद पडणे. गाडी धावत असते आणि काटा मात्र शून्यावर पडून राहतो. इंजिन, ब्रेक, दिवे सर्व ठीक असल्यामुळे मालक म्हणतो, “चालते आहे ना, राहू द्या.” असे म्हणत एक वर्ष निघून जाते. मग केव्हातरी गॅरेजमध्ये गाडी जाते आणि न तपासता सांगितले जाते की पूर्ण मीटर बदलावे लागेल. आम्ही कापडाच्या धंद्यातले. हातात पाना धरून पोट भरणारे नव्हे. परंतु वर्षानुवर्षे मालाची गाडी बाळगल्यामुळे आणि जाणत्या मिस्त्रींच्या शेजारी बसून काम पाहिल्यामुळे एक गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक आहे. बंद मीटरचा दोष शोधायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि तो शोधल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये.

दुर्लक्ष महाग का पडते?

काटा वेग दाखवतो आणि त्याच मीटरमधले आकडे गाडी किती किलोमीटर चालली ते मोजतात. जुन्या गाडीत ही दोन्ही कामे एकाच केबलवर चालतात. त्यामुळे केबल तुटली की वेगाबरोबर किलोमीटरचा हिशोबही बंद होतो. दुकानात गजाची काठी नसेल तर कापड कसे मोजणार? धंद्याच्या गाडीचे तसेच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका व्यापाऱ्याची व्हॅन महिन्याला १,५०० किलोमीटर चालते आणि लिटरला १४ किलोमीटर देते. तिला महिन्याला सुमारे १०७ लिटर पेट्रोल लागेल. आता कार्ब्युरेटर बिघडला, ब्रेक चिकटले किंवा टायरमध्ये हवा कमी राहिली आणि तीच गाडी ११ किलोमीटरवर आली, तर सुमारे १३६ लिटर लागेल. फरक २९ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला २,९०० रुपये जास्त गेले. किलोमीटरचा आकडा पुढे सरकत असेल तर हा फरक दोन वेळा टाकी भरतानाच लक्षात येतो. आकडा थांबलेला असेल तर मालक म्हणतो की पेट्रोल महागले, आणि खरा रोग गाडीतच राहतो. इंजिनचे ऑईल केव्हा बदलायचे, दुसऱ्याचा माल नेला तर किलोमीटरमागे भाडे किती लावायचे, दोन भावांच्या भागीदारीत गाडीखर्च कसा वाटायचा, हे सारे त्याच आकड्यावर अवलंबून आहे.

कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ प्रमाणे चालकाला वेग दाखवणारे स्पीडोमीटर वाहनावर असले पाहिजे. महामार्गावर आता वेग मोजणारे कॅमेरे बसले आहेत. “आमचा काटा बंद होता” ही सबब तिथे चालत नाही.

मीटर चालते कसे?

रोग शोधायचा तर शरीराची रचना माहीत हवी. जुन्या मीटरमध्ये विजेचे काम फक्त दिव्यापुरते. बाकी सर्व काम फिरण्याचे आहे. गिअरबॉक्समधून जो दांडा मागच्या चाकांकडे ताकद नेतो, त्यावर मीटरसाठी एक दातेरी चक्र असते. त्याच्या दात्यांत एक लहान पिनियन बसलेले असते, ते पुष्कळदा प्लास्टिकचे असते. या पिनियनच्या भोकात केबलच्या आतल्या तारेचे चौकोनी टोक अडकते. ही तार गाडीच्या पोटाखालून पुढे डॅशबोर्डकडे जाते आणि तिचे दुसरे टोक मीटरच्या पाठीत बसते. चाक फिरले की दांडा फिरतो, मग पिनियन, मग तार आणि शेवटी मीटर.

केबलची तार साधी नसते. बारीक पोलादी तारांचे थर एकावर एक गुंडाळलेले असतात, एक थर उजवीकडे तर त्यावरचा डावीकडे. पिळाचे सूत हाताळणाऱ्या आपल्या लूमवाल्या बांधवांना यातले मर्म लगेच कळेल. उलटसुलट पिळामुळे तार वाकवली तरी फिरण्याची ताकद पुढे पोहोचवते आणि उकलत नाही.

मीटरच्या आत तार एका लोहचुंबकाला फिरवते. त्या चुंबकाला न टेकता, अगदी जवळ, ॲल्युमिनियमची एक वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. चुंबक फिरला की वाटीत वीज निर्माण होते आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वेग वाढला की ओढ वाढते आणि काटा वर चढतो. ही युक्ती ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने शोधली आणि १९०२ साली तिचे पेटंट घेतले. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ते त्याच दांड्यावरून बारीक दातेरी चक्रांनी फिरतात. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढची निम्मी तपासणी यावरच उभी आहे.

पाना हाती घेण्यापूर्वी

प्रथम गाडी सपाट रस्त्यावर थोडी चालवून मीटरकडे नीट पाहावे. लक्षणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

१) काटा बंद, आकडेही बंद : मीटरपर्यंत फेराच पोहोचत नाही. दोष बहुधा केबल किंवा पिनियनमध्ये आहे.

२) काटा बंद, पण आकडे पुढे सरकतात : केबल आणि पिनियन दोन्ही ठीक आहेत. दोष मीटरच्या आत, काटा, वाटी किंवा स्प्रिंगमध्ये आहे. अशा वेळी नवी केबल घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

३) काटा बरोबर, आकडे बंद : मीटरमधले आकडे फिरवणारे लहान चक्र फुटले किंवा झिजले आहे.

४) काटा थरथरतो, उड्या मारतो : तार कोरडी आहे, तिला मुरड पडली आहे किंवा केबल कुठेतरी फार वळवली गेली आहे. तुटण्यापूर्वीची ही सूचना समजावी.

५) डॅशबोर्डमधून चिवचिव किंवा घरघर ऐकू येते : मीटरचे बेअरिंग किंवा तार सुकली आहे.

पेट्रोलचा काटाही सोबत बंद असेल तर तो वेगळा, विजेचा दोष आहे. त्यासाठी फ्यूज पाहावा. परंतु केबलचे स्पीडोमीटर फ्यूजवर चालत नाही, म्हणून फ्यूज बदलून ते सुरू होण्याची आशा धरू नये.

तपासणी : मधून सुरुवात करावी

लांब धागा कुठे तुटला हे शोधताना आपण एका टोकापासून इंच इंच जात नाही. मध्ये धरून कोणती बाजू ढिली आहे ते पाहतो. येथेही तसेच करावे. केबल आणि मीटर जिथे जोडले जातात ती जागा सोडवली की दोष वर आहे की खाली, हे एका मिनिटात कळते.

बॅटरीची वजा बाजूची वायर काढावी. मीटरचा संच स्क्रू काढून हळूच पुढे ओढावा, वायरींना ताण देऊ नये. पाठीमागून केबल सोडवावी. काही गाड्यांत तिला फिरवायचा नट असतो, काहींत दाबायची क्लिप असते. आता तारेचे चौकोनी टोक डोळ्यांना दिसेल.

मग गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवावी. एकाने चालकाच्या जागी बसून पाय ब्रेकजवळ ठेवावा आणि नजर केबलच्या टोकावर ठेवावी. दोघांनी मागून गाडी सावकाश ढकलावी. इंजिन सुरू करण्याची गरज नाही. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये दर किलोमीटरला तारेचे ६३७ फेरे धरलेले असतात, म्हणजे दहा मीटर ढकलल्यावर तार सहा-साडेसहा वेळा फिरली पाहिजे.

ढकलायला माणसे नसतील तर मागचे एक चाक जॅकने उचलून हाताने फिरवता येते. पण येथे सावधगिरी हवी. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि चाक फिरवायचे म्हणून तो सोडावा लागतो. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. एकच चाक फिरत असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांमागे तारेचा साधारण एक फेरा मिळेल.

तार फिरत असेल तर तिला दोन बोटांनी हलकेच धरून पाहावे. निरोगी तार चिमटीला जुमानत नाही. बोट लावताच ती थांबत असेल तर आत कुठेतरी तुटून तुकडे एकमेकांवर घासत आहेत, किंवा खालचे चौकोनी टोक गोल झाले आहे, असे समजावे. तार जोमाने फिरत असेल तर केबल आणि पिनियन निर्दोष ठरले आणि दोष मीटरमध्ये. ती अजिबात फिरत नसेल तर खाली जायचे.

केबलची परीक्षा

वरच्या टोकाला धरून तार बाहेर ओढावी. काही केबलची तार खालूनच निघते. तेव्हा गिअरबॉक्सजवळचा नट सोडवावा. अर्धीच तार हातात आली तर निकाल लागला. ती कव्हरशेजारी धरून पाहावी, म्हणजे कोणत्या जागी तुटली ते कळते. ही जागा महत्त्वाची आहे. तिथे केबल तीव्र वळली असेल, सायलेन्सरच्या पाइपाजवळ तापत असेल किंवा एखाद्या पत्र्याखाली दबली असेल तर नवी केबलही तिथेच तुटेल.

तार अखंड निघाली तर दोन्ही टोके पाहावीत. चौकोनाच्या कडा तीक्ष्ण हव्यात, झिजून गोल झालेल्या नसाव्यात. मग तार सपाट टेबलावर ठेवून तळहाताखाली लाटावी. सरळ तार सहज लोळते. मुरड पडलेली तार त्या जागी उसळी मारते. मुरडलेली तार सरळ करून पुन्हा बसवू नये, ती काटा थरथरवणारच.

चांगली तार रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा. मीटरकडचा वरचा १५ ते २० सेंटीमीटर भाग मात्र कोरडा ठेवावा. तार फिरताना ग्रीस वर चढते. ते मीटरमध्ये शिरले की चुंबक आणि वाटी चिकटतात आणि काटा अवेळी शेवटपर्यंत जाऊन बसतो. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, असा समज काही नवशिक्या कारागिरांत असतो. तो सोडावा.

पिनियन आणि गिअरबॉक्स

तार अखंड असून फिरत नसेल तर केबलचे खालचे टोक सोडवून गिअरबॉक्सच्या भोकात पाहावे आणि गाडी पुन्हा ढकलावी. पिनियनचे चौकोनी भोक फिरत असेल तर तारेचे टोक त्यात नीट बसत नव्हते, एवढाच अर्थ. फिरत नसेल तर पिनियन बाहेर काढून दाते तपासावेत. प्लास्टिकचे दाते झिजलेले किंवा कापले गेलेले दिसतील. ते काढताना थोडे गिअर ऑईल गळते, खाली भांडे ठेवावे आणि काम झाल्यावर ऑईलची पातळी पाहावी. तिथले ऑईल सीलही तपासावे, कारण ते गेले असेल तर ऑईल केबलमधून मीटरकडे चढते.

नवे पिनियन घेताना जुने सोबत न्यावे आणि दाते मोजून घ्यावेत. एक दाता कमी-जास्त झाला तरी बसायला ते बसेल, पण वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकीचे दाखवेल. मोठ्या मापाचे टायर घातल्यानेही असाच फरक पडतो. टायर मोठे असेल तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते.

दोष मीटरमध्येच असेल तर

मीटरच्या पाठीतले चौकोनी भोक जुन्या तारेच्या तुकड्याने हलकेच फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले पाहिजे. जड लागत असेल तर आतले बेअरिंग सुकले आहे, आणि कदाचित केबल तोडणारा खरा गुन्हेगार तेच आहे. नवी केबल बसवून महिन्याभरात ती पुन्हा तुटली, अशी तक्रार येते तेव्हा जड मीटर हे कारण पाहावेच. केबलला दोष देऊन तिसरी केबल आणण्यात अर्थ नाही. म्हणून तुटलेली केबल बदलण्यापूर्वी मीटर मोकळे आहे की नाही, ही खातरजमा प्रत्येक वेळी करावी.

जड बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तेल वाटीवर किंवा चुंबकावर जाऊ देऊ नये. मीटर मोकळे असूनही काटा उठत नसेल तर तारेचा तुकडा कमी वेगाच्या ड्रिलमध्ये धरून मीटर फिरवून पाहता येते. गाडी पुढे ढकलताना तार ज्या दिशेने फिरत होती तीच दिशा ठेवावी. मिनिटाला सुमारे ६३७ फेऱ्यांना काटा ताशी ६० किलोमीटरवर आला पाहिजे. एवढे करूनही काटा हलला नाही, तेव्हाच मीटर गेले असे म्हणावे. त्यातही मीटर दुरुस्त करणारा जाणता कारागीर गावात असेल तर आधी त्याला दाखवावे.

वायरवाले मीटर

पुढच्या काळातल्या गाड्यांत केबलऐवजी गिअरबॉक्सवर सेन्सर आला. मीटरच्या पाठीत जाड केबल नसून फक्त वायरींचे कनेक्टर असतील तर आपली गाडी या जातीची आहे. येथे क्रम बदलतो. आधी फ्यूज, मग सेन्सरच्या कनेक्टरमधला गंज, मग अर्थिंग, मग वायर कुठे सोलली किंवा उंदराने कुरतडली आहे का, हे पाहावे. पुष्कळ सेन्सरना तीन वायरी असतात : एक पुरवठ्याची, एक अर्थची, एक संदेशाची. स्विच चालू ठेवून चाक हाताने फिरवले की संदेशाच्या वायरीवर मल्टिमीटरचा आकडा वर-खाली झाला पाहिजे. पुरवठा आणि अर्थ असूनही आकडा हलत नसेल तर सेन्सर बदलावा. आकडा हलतो आणि काटा मात्र हलत नाही, तर पुढची वायर किंवा मीटर तपासावे. गाडी बदलली तरी तत्त्व तेच : मधून पाहा, बाजू ठरवा, मग पुढे जा.

काम झाल्यावर

दुरुस्तीनंतर मीटर खरे सांगते की नाही हे पाहावे. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून दहा किलोमीटर मोजून आकड्यांशी जुळवावे. ताशी ६० च्या वेगाला एक किलोमीटर एका मिनिटात आणि ४० च्या वेगाला दीड मिनिटात कापला जातो. शेजारी बसलेल्याने घड्याळ किंवा मोबाइलमधील जीपीएस पाहावे, चालकाने रस्ता पाहावा. काटा खऱ्यापेक्षा किंचित जास्त वेग दाखवत असेल तर चिंता नाही. कमी दाखवत असेल तर दोष शोधावा.

मीटर ज्या दिवशी बंद पडले आणि ज्या दिवशी सुरू झाले, त्या दोन तारखा आणि त्या वेळचा आकडा गाडीच्या वहीत लिहावा. पूर्ण मीटर बदलले असेल तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. पुढे गाडी विकताना ही नोंद घेणाऱ्यासमोर ठेवावी. वर्षभर बंद असलेल्या मीटरचा आकडा दाखवून “गाडी कमी चालली आहे” असे सांगणे, किंवा आकडे मागे फिरवून देणे, हा ऐब झाकून माल खपवण्याचाच प्रकार आहे. ताग्याच्या आतला डाग लपवून कापड विकणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सांगण्याची गरज नाही. उलट जुनी गाडी घेताना काट्याबरोबर आकडे सरकतात का हे स्वतः चालवून पाहावे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, सीटची झीज आणि सर्व्हिसची जुनी बिले आकड्याशी मेळ खातात का, तेही पाहावे.

आमच्या कारागीर बांधवांनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाइकाला आधी दोष दाखवा, तुटलेली तार किंवा झिजलेले पिनियन त्याच्या हातात द्या आणि मग दाम सांगा. लहान भाग बदलून गाडी नीट करणाऱ्या मिस्त्रीची मजुरी त्या दिवशी कमी होईल, पण पुढच्या वेळी तोच व्यापारी इंजिनचे काम घेऊन त्याच्याच दारात येईल. आणि व्यापारी बांधवांनी तपासणीच्या मेहनतीचे दाम कुरकुर न करता द्यावेत. नवा भाग लागला नाही म्हणून काम झालेच नाही, असे समजू नये.